कोणाचे दहा?

आल्बी टिकनरच्या मते जगात वेळ एकच होती आणि ती त्याच्या गोठ्यातल्या घड्याळात होती. बाकी सगळ्या थापा. कुंपणापलीकडे, न्यू साउथ वेल्समध्ये, लोक दर ऑक्टोबरला, उन्हाळ्याच्या तोंडावर, घड्याळ एक तास पुढे ढकलतात आणि एप्रिलमध्ये पुन्हा मागे ओढतात. त्याला तो शहरी चाळे म्हणायचा. अलीकडे क्वीन्सलँडमध्ये घड्याळाला कोणी हात लावत नाही. ब्याण्णव साली आम्ही मतदान करून नाही म्हटलं ते म्हटलंच. त्या दिवशी आल्बी टाय बांधून मत द्यायला गेला होता. लग्नातही त्याने टाय बांधला नव्हता, हे त्याची बायको मरेपर्यंत सगळ्यांना सांगत होती.

दोन राज्यांमधलं ते कुंपण गोचिडांसाठी आहे. इकडच्या गुरांच्या अंगावरच्या गोचिडी तिकडे जाऊ नयेत म्हणून सरकारने डोंगरातून तारा ओढल्या, फाटकं बसवली, वर फवारणीची माणसं नेमली. आल्बी म्हणायचा, "गोचीड अडवता येते, पण पलीकडचा मूर्खपणा कोणाला अडवता येत नाही." आणि हे बोलून तो फाटकाकडे बघायचा, कारण फाटकापलीकडे पाचशे पावलांवर त्याच्या सख्ख्या भावाचं, डेसचं घर होतं. दोघे बारा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.

गुरुवारी आल्बी ग्लेनिसच्या दुकानात गेला. दुकान सीमेच्या पलीकडे, पेट्रोलपंपाला लागून. गाईंचं औषध तिच्याकडेच मिळायचं म्हणून नाइलाज, नाहीतर त्याने तिकडे पाय ठेवला नसता. ग्लेनिसच्या मागच्या भिंतीवर दोन घड्याळं होती. एकाखाली 'आमचं', दुसऱ्याखाली 'त्यांचं'. आल्बी कायम असा उभा राहायचा की 'आमचं' त्याच्या पाठीला यावं. त्यासाठी त्याला दुकानात आडवं उभं राहावं लागे.

"ये, ये," ग्लेनिस म्हणाली. "रविवारपासून तू पुन्हा एक तास मागे पडणार बघ."

"मी आहे तिथेच आहे. तुम्हीच पुढे पळता आणि तोंडावर आपटता."

"संध्याकाळी एक तास जास्त उजेड मिळतो, आल्बी. पोरं समुद्रावर जातात, माणसं बागेत बसतात, माझ्या दुकानात चार गिऱ्हाइकं येतात. त्यात तुझं काय जळतं?"

"माझं काय जळतं?" आल्बीने औषधाची बाटली काउंटरवर आपटली. "दूधगाडी तुमच्या कारखान्याची. ती चालते तुमच्या घड्याळावर. ऑक्टोबर उजाडला की मेली एक तास आधी दारात. दूध गार झालेलं नसलं तर ड्रायव्हर नळी लावत नाही. मग साडेचारच्या धारा मी साडेतीनला काढतो. सहा महिने! उजेड वाचवतात म्हणे! तुमच्या पोरांनी वाळूत लोळावं म्हणून म्हातारा आल्बी अंधारात शेणात घसरतो. माझ्या साठ गाईंना विचार. त्यांच्या सडाला तुमचं मंत्रिमंडळ कळत नाही."

"गाई बदलतात आठवड्याभरात. तू साठ वर्षांत बदलला नाहीस."

"म्हणून माझ्याकडे दूध आहे आणि तुझ्याकडे डबे."

ग्लेनिस हसली नाही. तिने औषध पिशवीत घातलं आणि पिशवी हातातच धरून ठेवली.

"डेसचा निरोप आहे," ती म्हणाली.

आल्बीने पिशवीसाठी पुढे केलेला हात तसाच राहिला.

"रविवारी तो चाललाय. होबार्टला, लेकीकडे. कायमचा. केरिन न्यायला आलीय." तिने आवाज खाली आणला. "त्याचं डोकं जायला लागलंय, आल्बी. परवा दुकानात आला आणि मला थिआ म्हणून हाक मारली. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली त्याच्या. डॉक्टर म्हणतो, नाताळपर्यंत माणसं ओळखेल, पुढचं काही सांगता येत नाही."

"मग मी काय करू?"

"त्याला तुला भेटायचंय. रविवारी, दहा वाजता, जुन्या फाटकापाशी. यायचं तर ये, नाहीतर नको येऊस. असंच म्हणाला."

आमच्या सीमेवर कोणी वेळ सांगितली की ऐकणारा लगेच विचारतो, 'कोणाची?' लग्न असो, दातांचा डॉक्टर असो, क्रिकेट असो. तीन वर्षांचं पोरही विचारतं. आल्बीने आयुष्यात एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं म्हणजे वेळा दोन आहेत हे कबूल करायचं, आणि ते त्याच्या जिवावर यायचं.

ग्लेनिस थांबली. "काही विचारायचंय?"

"काय विचारायचंय? दहा म्हणजे दहा."

"बरं बाबा." तिने पिशवी दिली. डेसने कोणाचे दहा म्हटलेत ते तिला पक्कं माहीत होतं, पण तिनेही मनाशी पण केला होता, की हा विचारील तेव्हाच सांगायचं. शिवाय तिला वाटलं, सांगायची गरजच काय? हा माणूस मेला तरी स्वतःच्या घड्याळाबाहेर पाऊल टाकायचा नाही.

यातच ती चुकली.

बारा वर्षांपूर्वी त्यांची आई वारली तेव्हा ती डेसकडे राहत होती. दफन पलीकडच्या चर्चमध्ये, नोव्हेंबरात, दुपारी दोनला. आल्बी धुतलेला शर्ट घालून, हातात गोठ्यामागच्या पांढऱ्या लिलीची फुलं घेऊन बरोबर दोनला पोचला. त्याच्या दोनला. तिथे तीन वाजले होते. खड्डा बुजवून झाला होता आणि दोन माणसं फावडी पुसत होती. लोक सभागृहात सँडविच खात होते.

"तू थांबला नाहीस," तो सगळ्यांसमोर डेसला म्हणाला होता.

"पाद्र्याला पुढे दुसरं दफन होतं. अर्धा तास थांबलो रे. चर्चच्या पत्रकात वेळ छापली होती."

"फोन करता आला नाही? तुला माहीत होतं मी कोणत्या वेळेवर चालतो."

"आणि तुला माहीत होतं चर्च कोणत्या वेळेवर चालतं!" डेसही तापला. "प्रत्येक वेळी जगानेच तुझ्यासाठी हिशेब करायचा का रे? एकदा तू कर की!"

आल्बीने फुलं सँडविचच्या ताटावर टाकली आणि निघून आला. घरी येऊन त्याने जुन्या फाटकाला साखळी घातली. त्या फाटकातून डेस चाळीस वर्षं रोज पहाटे त्याच्याबरोबर धारा काढायला येत होता. दुसऱ्या दिवसापासून आल्बीने एकट्याने धारा काढल्या. आईची आठवण आली की त्याला आईच्या आधी तो बुजलेला खड्डा दिसायचा, आणि मग राग यायचा, आणि राग आला की बरं वाटायचं. रागावरच त्याने बारा वर्षं काढली.

तो गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार त्याने गाईंना शिव्या देण्यात घालवले. शनिवारी संध्याकाळी त्याच्या मनाने घेतलं ते त्याचं त्यालाच पटेना. डेस काटेकोर माणूस. शनिवारच्या चहाबरोबरच घरातली सगळी घड्याळं पुढे करून ठेवणार. त्याचे दहा म्हणजे आपले नऊ. आणि आपण आपल्या दहाला गेलो तर? पुन्हा बुजलेला खड्डा. डेस गाडीत बसून गेलेला असणार आणि पुढच्या वेळी आपण समोर उभे राहिलो तर विचारणार, 'आपण कोण?'

"नाही," आल्बी भिंतीला म्हणाला. "या वेळी उशीर नाही."

रविवारी धारा काढून झाल्यावर त्याने वरची साय एका बरणीत काढली. लहानपणी दोघे पावावर काकवी ओतून त्यावर जाड साय घालून खायचे, आणि डेस नेहमी आल्बीच्या वाट्याची साय पळवायचा. बरणी ओल्या फडक्यात गुंडाळून तो पिकअपमध्ये बसला. गोठ्यातलं घड्याळ पावणेनऊ दाखवत होतं. त्याने त्याच्याकडे पाहायचं टाळलं, जसं माणूस चोरी करताना देवाकडे पाहत नाही.

नऊच्या आत तो फाटकावर होता. त्याने साखळी काढली. बारा वर्षांच्या गंजाने त्याचे हात तांबडे झाले.

पलीकडच्या रस्त्यावर कोणी नव्हतं.

फाटकाजवळच्या झाडावर मॅगपायचं घरटं होतं. हा काळा-पांढरा पक्षी वर्षभर गोड गातो आणि घरट्यात पिल्लं असली की खुनी होतो. आमच्याकडे वसंतात शहाणी माणसं डोक्यावर आइस्क्रीमचा डबा घालून हिंडतात. आल्बी शहाणा नव्हता. पहिल्या झडपेत टोपी गेली. दुसऱ्या झडपेत कानाची पाळी फाटली. तो गाडीत बसू शकला असता, पण डेस आला तर आपण फाटकाशी उभे दिसायला हवे, हे त्याने ठरवलं होतं.

"ये, ये, अजून ये," तो पक्ष्यावर ओरडला. "तूही पलीकडचाच दिसतोस!"

सव्वानऊ झाले. साडेनऊ झाले. कानाचं रक्त मानेवरून कॉलरमध्ये उतरलं. साय उन्हात सैल व्हायला लागली. विसरला असेल, असं एकदा त्याच्या मनात आलं. आजारी माणूस, विसरला असेल. पण ते मानायचं तर दया करावी लागली असती, आणि दयेची त्याला सवय नव्हती. त्यापेक्षा जुना राग हाताशी होता. मला बोलावलं, मी आलो, स्वतःचं घड्याळ मोडून आलो, आणि हा आता तिकडे खिडकीतून बघून हसत असेल. तेव्हा मला एक तास उशीर झाला म्हणून खड्डा बुजवलास, आणि आज मी तुझ्या वेळेवर आलो तर तूच नाहीस!

पावणेदहाला त्याची तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने बरणी उघडली आणि साय फाटकाखालच्या मातीत ओतली. गाई ओळखायला पाठीवर खुणा करतात ती लाल रंगाची कांडी कायम त्याच्या खिशात असायची. त्याने ती काढून फाटकाच्या फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'दहाला आलो होतो. तू नव्हतास. जा.'

साखळी घातली, कुलूप लावलं आणि तो परतला.

गोठ्यात येऊन त्याने पाण्याचा पाइप सोडला आणि फरशीवरचं शेण धुवायला लागला. शेण धुताना माणसाला फार विचार करावा लागत नाही. धार जोरात होती, तरी त्याला हॉर्न ऐकू आला. फाटकाच्या बाजूने. एकदा. मग थांबून दोनदा.

"आता आलास होय?" आल्बी म्हणाला. "वाजव. गाल फुगेपर्यंत वाजव."

पुन्हा हॉर्न वाजला, लांबलचक. आल्बीने धार आणखी मोठी केली. त्याला बरं वाटत होतं, खरंच बरं वाटत होतं. बारा वर्षं तो याच हॉर्नची वाट बघत होता, त्याला उत्तर न देण्यासाठी. तो एकच कोपरा पुन्हा पुन्हा धूत राहिला. मग हॉर्न थांबला. थोड्या वेळाने गाडी वळल्याचा आवाज आला आणि तोही विरला.

त्याने पाइप बंद केला. पाणी नाल्यात गळत होतं. किती तास उशीर केला या माणसाने, हे बघायला त्याने मान वर करून घड्याळाकडे पाहिलं.

दहा वाजून दहा मिनिटं.

हे घड्याळ त्याने आयुष्यात कधी हलवलं नव्हतं. डेसला ते माहीत होतं, त्याच्यासारखं कोणालाच माहीत नव्हतं. चाळीस वर्षं तो याच घड्याळाखाली बसून धारा काढत होता. दहा. त्याने दहा सांगितले होते आणि तो दहाला आला होता.

"अरे देवा," आल्बी म्हणाला, आणि सत्तरीच्या माणसाने पळू नये तसा पळाला.

फाटकापाशी धुळीत गाडीच्या चाकांचा वळसा होता. सांडलेल्या सायीला मुंग्या लागल्या होत्या आणि सायीच्या कडेला बुटांचे ठसे होते, पाय ओढत चालणाऱ्याचे. कोणीतरी तिथे उभं राहून फळी वाचली होती. आल्बीच्या लाल अक्षरांखाली पेनाने, वेडंवाकडं लिहिलं होतं:

'माफ कर, आल्बी. हल्ली मला वेळ लक्षात राहत नाही.'

साखळीच्या कडीत एक कागद खोचलेला होता. औषधाच्या डब्यातली चिठ्ठी, चार घड्या घातलेली, घड्यांवर मळलेली. आल्बीने ती उघडली. मोठ्या अक्षरांत, दोनदा अधोरेखित:

'आल्बी. जुनं फाटक. रविवारी दहा. त्याचे दहा, आपले अकरा. विसरू नको.'

तो विसरला नव्हता. बायकोचं मरण विसरणाऱ्या माणसाने आल्बीचा हिशेब मात्र लक्षात ठेवला होता, खिशात ठेवला होता, आणि वेळेवर येऊन उभा राहिला होता. आणि आल्बीने त्याला लेखी कळवलं होतं, की तू चुकलास, तुझं डोकं गेलंय. आणि त्या भल्या माणसाला ते पटलं होतं.

आल्बीने बाहीने फळी पुसायला सुरुवात केली. तो रंग पावसात, चिखलात, गाईच्या चाटण्यातही सहा आठवडे टिकावा म्हणूनच बनवलेला असतो. बाही तांबडी झाली, अक्षरं तशीच राहिली. डोक्यावरून मॅगपाय झेपावला आणि त्याने फटकाही मारला, पण आल्बीला कळलं नाही.

दहा मिनिटांनी तो ग्लेनिसच्या दुकानात शिरला. कान फाटलेला, कॉलर रक्ताने भरलेली, बाही लाल.

"कोणाला मारून आलास?" ग्लेनिसने विचारलं.

त्याने चिठ्ठी काउंटरवर ठेवली. तिने वाचली. तिला आधी काही कळेना. मग तिचा चेहरा उतरला.

"तू त्याच्या वेळेला गेलास?" ती हळूच म्हणाली. "तू?"

"केरिनला फोन लाव."

ग्लेनिसने लावला. केरिनचा आवाज इतका चढा होता की रिसीव्हर कानाला लावायची गरज नव्हती.

"काकांना सांगा, झालं समाधान? तीन दिवस बाबा तो कागद खिशात घेऊन फिरत होते. झोपेतही हात खिशावर. मी म्हटलं, मी येते फाटकापर्यंत, तर म्हणाले, नको, तू गाडीतच बस, माझं मी बघतो. आणि परत आले ते काय म्हणत, माहितेय? म्हणाले, पोरी, तुझं बरोबर होतं, माझं डोकं गेलंच, मी त्याला तासभर उभं केलं. सकाळपासून पाच वेळा घड्याळ बघितलं त्यांनी! आणि आता मला विचारतायत, आज वार कोणता. एका फळीवर एवढं घाण लिहायला मन कसं झालं?"

"केरिन," आल्बी रिसीव्हरकडे वाकून म्हणाला, "त्याला दे."

"नाही देत."

"तो चुकला नाही. चूक माझी आहे. एवढंच सांगायचंय."

"तर मग तोंडाने, समोर येऊन सांगा. फोनवर त्यांना आवाज ओळखू येत नाहीत. विमान साडेबाराला आहे." आणि फोन कट झाला.

विमानतळ तासाभराच्या वाटेवर, डोंगर उतरून समुद्राकाठी. आल्बी वळला. पहिल्यांदाच तो सरळ उभा राहिला आणि त्याने भिंतीवरच्या दोन्ही घड्याळांकडे पाहिलं. एकात साडेदहा वाजले होते, दुसऱ्यात साडेअकरा. एका घड्याळाप्रमाणे त्याच्याकडे दोन तास होते. दुसऱ्याप्रमाणे एकच, म्हणजे काहीच नव्हतं.

त्याने ओठ ओले केले.

"साडेबारा," तो म्हणाला. "कोणाचे?"

वीस वर्षं ग्लेनिस या प्रश्नाची वाट बघत होती. त्यावर मारायचे टोमणे तिने कधीपासून तयार ठेवले होते. त्यातला एकही तिच्या तोंडी आला नाही.

"तुझे," ती म्हणाली. "विमानतळ क्वीन्सलँडचा, तुझ्याच घड्याळावर चालतो, आल्बी. पळ."

तो दारापर्यंत गेला आणि परत आला. काउंटरवरची चिठ्ठी त्याने उचलली, त्याच घड्यांवर नीट घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"डेसला दाखवायला लागेल," तो म्हणाला. "नुसतं सांगून माझ्यावर विश्वास कोण ठेवेल?"